पोरी बघणार कुणाकडं?

ताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी चिंचवडच्या आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत तिचाच नाच पडद्यावरच्या पात्राला चढवत बसलो होतो. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली... झोपेतच." त्याला महिना होऊन गेला, अजून पटत नाही.

निगडीतल्या घराच्या हॉलमध्ये ताईनं आयुष्यभर भरतनाट्यम शिकवलं. गुडघे कुरकुरू लागले तशी तिला एकच धास्ती बसली. "मन्या, मला उभंच राहता आलं नाही, तर पोरी बघणार कुणाकडं?" मी म्हटलं, तुझी हालचाल कॉम्प्युटरमध्ये घेऊ, मुलींना चहूबाजूंनी दिसेल. "पोट दिसणार नाही ना?" एवढीच तिची अट.

रेकॉर्डिंगच्या दिवशी कॅमेऱ्यांना फक्त ठिपकेच टिपता येतात म्हणून ठिपके लावलेला काळा घट्ट सूट घालून ती आरशात बघून पोट धरून हसली. सुरुवातीला दोन्ही हात पसरून ताठ उभं राहायचं, त्यावरून सॉफ्टवेअर हाडं जुळवतं, हे मी तिला पुन्हा पुन्हा बजावलं. पण सुरू म्हटलं की बाईसाहेब आधी वाकून जमिनीला नमस्कार करायच्या! मग फाइल आत घेतली की वाकलेली ताई हीच ताठ उभी असं समजून सॉफ्टवेअर पात्राच्या हातापायांची मोळी करून टाकायचं. मी वैतागलो. "अगं, नमस्कार नंतर कर ना!"

"नंतर? पाय आपटायच्या आधी क्षमा मागायची असते. तुझ्या मशीनला सांग थांबायला."

शेवटी ताठ उभी असलेली एक फ्रेम मीच पुढे जोडली आणि नमस्कार तसाच राहू दिला. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकलंय?

ती गेल्यावर क्लासचं काय, हे कुणालाच सुचत नव्हतं. गेल्या रविवारी मुली हॉलमध्ये जमल्या. मी भिंतीवर तिची शेवटची फाइल लावली. चेहरा नसलेलं राखाडी पात्र, पण मान हलली ती ताईचीच... मला रडू आवरेना. नाच रंगात आला आणि पात्र एकदम थांबलं, दोन पावलं पुढे झालं, हवेतच काहीतरी वर उचलू लागलं. फाइल बिघडली समजून मी बंद करायला उठलो.

"नको, काका," तिची विद्यार्थिनी मुक्ता म्हणाली. "रेकॉर्डिंगच्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटरकडं बघत होतात, तेव्हा ताईंसमोर मी नाचत होते. मला सूट नव्हता, म्हणून मी दिसत नाहीये. त्या माझं कोपर उचलतायत."

हॉलमधल्या सगळ्या मुलींनी आपापली कोपरं वर घेतली.