पस्तीस मिनिटं

ताई मेलबर्नपासून फार दूर, उत्तरेतल्या एका दुर्गम वस्तीत नर्स होती. वेस्टमीडच्या मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून ती तिकडे गेली तेव्हा आईला तिचं गाव नकाशावर शोधून दाखवावं लागलं होतं. गेल्या वर्षी मलाही मेलबर्नहून तीन महिन्यांसाठी तसल्याच दुसऱ्या एका वस्तीत, शाळेचं इंटरनेट बसवायला पाठवलं. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मी अंतर मोजलं. दीडशे किलोमीटर भरलं.

"म्हणजे भाऊबीजेला येणार तू," ताई फोनवर म्हणाली. "आठ वर्षांत एकदा तरी नीट ओवाळू दे. व्हिडिओवर ताम्हन फिरवून हात दुखतो."

मी वेबसाइट पाहिली. रस्ता पावसाने बंद व्हायच्या बेतात होता. विमान डार्विनवरून, जायलाच दोन दिवस.

"थेट विमान नाही गं ताई."

"वेबसाइटवर कसं दिसेल, शहाण्या? टपालाचं विमान येतं गुरुवारी, तुझ्याकडून पुढे इकडेच. धावपट्टीवर जाऊन नुसतं विचार."

"विचारतो," मी म्हणालो.

भाऊबीज गुरुवारीच होती. धावपट्टी माझ्या खोलीच्या मागेच, चालत चार मिनिटांवर. मी विचारलं नाही. अनोळखी माणसांशी बोलायचा मला कंटाळा, त्या दिवशी सुटी होती आणि एक जाड पुस्तक अर्धं वाचून झालं होतं. सकाळी विमान उतरल्याचा आवाज आला. मी पान उलटलं. संध्याकाळी ताईला सांगितलं, विमान नाही मिळालं. "असू दे," ती म्हणाली. आईलाही तेच सांगितलं.

फेब्रुवारीत ताई गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी मेलबर्नहून डार्विनच्या हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिचं सामान आणायला मी टपालाच्या विमानाने निघालो. सहा जणांचं विमान. पायलट प्रत्येकाला बॅगेसकट काट्यावर उभं करून वजन लिहून घेत होता. माझं आडनाव वाचून तो थांबला.

"सिस्टरचा भाऊ का तू?"

मी मान हलवली.

"सॉरी, मेट. फार चांगली बाई होती." मग काट्याकडे बघत म्हणाला, "ऑक्टोबरात तुझी सीट ठेवली होती मी. तिने तुझं वजन लिहून दिलं होतं, बहात्तर किलो. वर म्हणाली, पिशवीचे पाच जास्त धर, पुस्तकांशिवाय तो हलत नाही. पंधरा मिनिटं थांबलो होतो तुझ्यासाठी. संध्याकाळी परत आणून सोडणार होतो."

काटा सत्त्याहत्तर दाखवत होता.

सीट ठेवली आहे हे ताईने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. ओढून आणलेला भाऊ तिला नको असणार.

वाटेत विमान माझ्या जुन्या वस्तीवर उतरलं. खिडकीतून माझी खोली दिसली. खोलीच्या खिडकीतून धावपट्टी इतकी जवळ दिसत होती, हे मी विसरलो नव्हतो. तिथून ताईच्या वस्तीला पस्तीस मिनिटं लागली. मेलबर्नमध्ये क्लेटनहून ग्लेन वेव्हर्लीला वाईट ट्रॅफिकमध्ये मला कधी कधी तेवढी लागतात.

तिच्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, ताम्हन घासून ठेवलेलं होतं. सुपारीही त्यातच होती.

आई अजून फोनवर म्हणते, "विमानच नव्हतं, तू तरी काय करणार होतास?" मी हं म्हणतो.