वीस घोड्यांचं गलबत

सगळं जग घोड्यांत मोजणारा एक माणूस मी पाहिला आहे. बस दिसली की तिचे घोडे किती, पाण्याचा पंप दिसला की त्याचे किती. शेजाऱ्याचा जावई पहिल्यांदा घरी आला, तर त्याला चहाच्या आधी विचारलं, "गाडी किती घोड्यांची?" म्हणून कचेरीत त्यांना घोडेसाहेब म्हणत. कान जरा जड होते, त्यामुळे तोंडावर म्हटलं तरी चालून जायचं.

त्या कचेरीच्या तळघरात एक जनरेटर होता आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून घोडेसाहेबांनी अख्खी नोकरी काढली. वीज गेली की चार मजले अंधारात, वरिष्ठ लिफ्टमध्ये अडकलेले आणि सगळ्यांचे कान तळघराकडे. मग खालून धडधड सुरू व्हायची, दिवे लागायचे आणि हे गृहस्थ फडक्याला हात पुशीत प्रत्येक मजल्यावरून एक फेरी मारायचे. काम काहीच नसायचं. कोणी "वा!" म्हणतंय का, एवढंच बघायचं. अशा माणसाला निवृत्ती मानवत नाही. घरात वीज गेली तर बायको मेणबत्ती लावायची आणि भाजी निवडत राहायची. वा नाही की बिवा नाही.

मग त्यांनी गलबत घेतलं. वडिलांच्या माघारी ते दोन भावांच्या वाट्याला आलं होतं आणि दोघंही ते एकमेकांच्या गळ्यात घालायला बघत होते. दोन डोलकाठ्यांचं, शिडाचं आणि सिमेंटचं. होय, लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेलं. असली गलबतं असतात, आणि तरंगतातही. फक्त वजन भरल्या ट्रकाएवढं. गिऱ्हाईक मिळाल्याच्या आनंदात भावांनी एक स्टोव्ह फुकट दिला.

गलबताच्या पोटात वीस घोड्यांचं डिझेल इंजिन होतं. घोडेसाहेबांनी ते बघितलं आणि बाकीचं गलबत त्यांना दिसेनासंच झालं.

"आणि शिडं?" मेहुण्यानं विचारलं. बायकोचा हा धाकटा भाऊ धंद्यानं शिंपी, त्यामुळे त्याचं लक्ष आधी कापडाकडे. "काय सुंदर कापड आहे, दाजी!"

"शीड म्हणजे वाऱ्यापुढे पदर पसरणं," घोडेसाहेब म्हणाले. "आपल्याकडे वीस घोडे आहेत." आणि एक शीड त्यांनी स्कूटरवर घातलं, दुसरं गच्चीवरच्या टाकीवर.

एका शांत सकाळी बंदरात चाचणी झाली. पाणी आरशासारखं, वारा झोपलेला. गलबत तासाला सहा मैलांनी गेलं, आणि हा आकडा धक्क्यावरच्या कॅन्टीनमध्ये इतक्या वेळा सांगितला गेला की महिन्याभरात त्याचे आठ मैल झाले.

मुलगी खाडीपलीकडच्या गावात दिलेली. "आपण समुद्रानं जाऊ. आठ मैलांनी गेलो तर जेवायला पोचतो," घोडेसाहेबांनी जाहीर केलं. बायको म्हणाली, "अहो, बस दारातून सुटते." पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तीही निघाली, भावाला घेऊन. नवऱ्याबरोबर बुडायचं तर एकटीनं कशाला?

बंदराबाहेर पडले आणि वारा समोरून आला. अगदी नाकासमोरून. वादळ वगैरे काही नव्हतं; घरी असते तर कपडे छान वाळले असते, एवढाच वारा. पण त्यानं लाटा उठवल्या. लाट गलबताच्या तोंडावर थाडकन बसायची, ते धूड जागच्या जागी थबकायचं आणि पुन्हा वेग घेतंय न घेतंय तोच पुढची लाट हजर. मध्येच मागचा भाग वर उचलला जायचा, पाणी ढकलणारा पंखा हवेत येऊन रिकामाच भणभणायचा. उघड्याबोडक्या डोलकाठ्या आणि दोरखंड वाऱ्याला अडवून धरत होते, ते वेगळंच. घोडे वीस असतील, पण वीसच्या वीस चिखलात रुतलेले.

किनाऱ्यावर टेकडीवर पांढरा दीपस्तंभ होता. बायकोनं तो बघितला, लोकरीच्या स्वेटरची एक बाही विणून संपवली आणि मान वर केली.

"अहो, हा दीपस्तंभ मघाचाच का?"

"असले पुष्कळ असतात किनाऱ्यावर."

"याच्याही खाली निळं कौलारू घर आहे. आणि तीच बाई चादर वाळत घालत होती, ती आता काढतेय."

मेहुण्याचा चेहरा एव्हाना दुधीसारखा झाला होता. तरी तो म्हणाला, "दाजी, एखादं शीड असतं तर जरा तिरकं तिरकं गेलो असतो. थोडं इकडे, थोडं तिकडे. पतंगवालेसुद्धा—"

"सरळ रस्ता असताना तिरकं जातात ते चोर!" घोडेसाहेब गरजले आणि त्यांनी इंजिनाचा दांडा होता तेवढा पुढे ढकलला. इंजिन किंचाळलं. पाणी मागे पांढरंफेक झालं, धूर काळाकुट्ट झाला, आणि दीपस्तंभ जिथल्या तिथे. थोड्या वेळानं खालून करपल्याचा वास आला. इंजिन तापून बंद पडलं.

मग जी शांतता पसरली, तिच्यात सुया ऐकू येत होत्या. गलबत हळूच वाऱ्याला आडवं झालं, फिरलं आणि वाऱ्याबरोबर मुकाट्यानं बंदराकडे निघालं. आता मात्र त्याची चाल झकास होती. तासाभरात धक्का दिसला.

"बघितलंस?" घोडेसाहेब बायकोला म्हणाले. "एकदा वेग घेतला की हे थांबत नाही."

बायकोनं भावाकडे बघितलं, भावानं समुद्राकडे. त्याला बघायला तेवढीच जागा होती. पुढच्या रविवारी बहीण-भाऊ दोघं मुलीकडे बसनं गेली.

कुणाला वाटेल, आता तरी शहाणपण येईल. घोडेसाहेबांनी त्या रविवारच्या आत चाळीस घोड्यांचं इंजिन बसवलं आणि ते समुद्रानंच निघाले. पंखा जुनाच ठेवला, कारण पंख्याचे घोडे मोजत नाहीत. पुन्हा समोरचा वारा, पुन्हा त्याच लाटा. गलबताचं ढुंगण पाण्यात खोल बसलं, डिझेल दुप्पट जळलं आणि वेग वाढला म्हणायचा तर चालत्या माणसाचा जरा लगबगीनं चालता माणूस झाला. पण या खेपेला ते पोचले. एकटे, दिवेलागणीला, मिशीवर मीठ आणि कानात घणघण. मुलीकडे जेवणं कधीच उरकली होती, बायकोची दुपारची झोपही झाली होती.

"बाबा, एवढा उशीर?" मुलीनं विचारलं.

"समुद्राला वर चढ होता," ते म्हणाले. आणि ताट वाढेपर्यंत बसल्या बसल्या झोपी गेले.

झोपेत माणूस खोटं बोलू शकत नाही. खांदे पडलेले, तोंड उघडं, तळहातावर दांडा धरून धरून आलेले फोड. बायको बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिनं फोडांना खोबरेल लावलं आणि ते जागे व्हायच्या आत बाटली फडताळात ठेवून दिली. न जाणो, सकाळी म्हणतील की तेलाची गरज इंजिनाला होती.

परतीला वारा फिरला होता. म्हणजे पुन्हा समोरचाच. घोडेसाहेबांनी धक्क्यावर उभं राहून बोट ओलं केलं, हवेत धरलं आणि इंजिनाला विश्रांती हवी असल्याचं सांगितलं. गलबत जावयाच्या गावीच राहिलं. पुढे तिथल्या एका मासळीवाल्यानं ते बर्फ साठवायला घेतलं. जड असल्यानं ते हलत नाही, म्हणून त्याची काही तक्रार नाही.

आता घोडेसाहेब बसनं जातात. ड्रायव्हरच्या अगदी मागची जागा धरतात आणि घाट लागला की कुठल्या गिअरमध्ये किती घोडे वाया जातात, ते ओरडून सांगतात. परवा ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, मागे वळला आणि हात जोडून म्हणाला, "काका, शेवटच्या बाकावर बसता का? इंजिन तिथून छान ऐकू येतं."

घोडेसाहेब खूश होऊन मागे गेले. बायको खिडकीशी होती, ती हलली नाही. रिकाम्या झालेल्या जागेवर तिनं पिशवी ठेवली आणि पाय पसरले.