पापड पेणचेच हवेत

रोह्यात किंवा पेणमध्ये कारण न कळता पळत सुटलेलं माणूस दिसलं, की ते निडी गावच्या माझ्या आत्याने धाडलेलं असणार, हे मी डोळे मिटून सांगते. तिच्या डोक्यात काय चाललंय हे देवालाही कळत नसावं. बाळंतिणीच्या घरी तर ती हमखास उगवायची आणि एकेकाला अशा कामाला लावायची, की तो अर्ध्या वाटेत थांबून डोकं खाजवायचा.

मी बाळंतपणाला रोह्याला माहेरी आले होते. लेक काही केल्या अंगावर पिईना. तोंड लावायची, सोडायची आणि रडून लाल व्हायची. भोवती आई आणि दोन शेजारणी. एक म्हणे आडवी धर, दुसरी म्हणे उभी. माझा हात कुठला आणि बाळाचं डोकं कुठलं, तेही मला कळेनासं झालं होतं. "हिला दूधच नाय, पावडरचा डबा आणा," असं शेवटी ठरलं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात आत्या आली. बाळाकडे तिने पाहिलंही नाही. बाबांना म्हणाली, "मी आले ती गाडी गेली का, जरा स्टेशनावर बघून ये." बाबा गेलेसुद्धा! आईला आणि शेजारणींना तिने मागच्या परसात कडुनिंबाची सारखी पानं निवडायला बसवलं. सारखी म्हणजे कशी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. माझा नवरा डबा आणायला चपला घालत होता. त्याला म्हणाली, "पेणवरून पोह्याचे पापड आण."

"आत्या, मी आत्ताच पेणवरून आलो."

"मग वाट ठाऊकच हाय की!"

घर गप्प झालं. आत्या माझ्याकडे पाठ करून वाल सोलत बसली. मी विचारलं, "मी काय करू?"

"काय नको करू गो. मागं टेक. पोरीचं पोट तुझ्या पोटाला लागू दे. शोधील ती."

बऱ्याच वेळाने लेकीने शोधलं. तिचे घुटके ऐकून मी हुंदके द्यायला लागले, तर आत्या मागे न बघता म्हणाली, "रडायचं तर रड, पण हलू नको." दूध आलं ते पानांमुळे की पापडांमुळे, हे कोडं मला पुढे कित्येक वर्षं सुटलं नाही.

आता आत्याला माणसं ओळखू येत नाहीत; ती काकांकडेच असते. परवा तिथे चुलतबहीण बाळंतपणाला आली होती. बाळ रडत होतं आणि मी तिच्या उशाशी बसून हे कर, ते कर सांगत होते. कोपऱ्यातून आत्याने विचारलं, "तू कोण गो?" मी नाव सांगितलं. तरी तिला ओळख लागली नाही. "बरं. जा, पेणवरून पोह्याचे पापड आण."

मी उठले. पिशवी घेतली, बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि ओट्यावर उभी राहिले. आतलं रडणं थांबलं. मग मी एसटी स्टँडकडे निघाले. वाटेतल्या दुकानात पापड होते, पण आत्याला पेणचेच हवे होते.