कातळी लोकांचा कायदा

सूड कसा घ्यावा याचे एकतीस नियम टेलरतात्यांना तोंडपाठ होते, आणि त्यांनी आयुष्यात कुणाला साधी चापट मारली नव्हती. नियम कातळी लोकांचे. हे कातळी कुठं राहतात असं विचारलं, तर मशीनवरून मान न उचलता ते सांगत, "तोरण्याच्या पल्याड. जिथं एसटी जात न्हाई, तिथं."

कापूरहोळच्या फाट्यावर, पंक्चरवाल्याच्या शेजारी त्यांचं दुकान होतं. मी शिवऱ्याहून रोज तिथं जायचे. बचत गटातल्या बायकांनी शिवलेले शाळेचे गणवेश तपासणं, मापांची वही ठेवणं, बटणं आणि रिळं संपायच्या आत आणून ठेवणं, ही माझी कामं. याद्या करायची मला सवयच आहे. म्हणून कातळ्यांचे नियमही वहीच्या मागच्या पानांवर क्रमांक आणि तारीख घालून लिहायला लागले. सुरुवातीला करमणूक म्हणून.

बाकीचं मला पंक्चरवाल्याकडून कळलं. तात्यांची वाडी मार्गासनीजवळ. तिथं बांधाच्या भांडणात भावकीतल्या महादूनं तात्यांच्या थोरल्या भावाला कोयत्यानं ठार मारलं होतं. भावाचा मुलगा संपत तेव्हा पाच वर्षांचा. तात्यांनीच त्याला वाढवला. महादू शिक्षा भोगून सुटला तेव्हा संपत टेम्पो चालवत होता, आणि आता हा बापाचं वैर घेणार असं सगळी वाडी धरून चालली होती. स्पष्ट कुणी बोलत नसे. टपरीवर कुणीतरी सहज विचारायचं, "काय संपतराव, पाव्हणा आलाय म्हणं वाडीत?" तेवढं पुरत असे.

असं काही झालं की संपत टेम्पो दुकानासमोर आडवातिडवा लावून आत येई. 'शांत हो' असं तात्या त्याला म्हणाल्याचं मला आठवत नाही. वैर सोड, असंही नाही. "घ्यायचंच की," ते म्हणत, "पर कायद्यानं घ्यायचं." आणि नवा नियम सांगत. भाताची लावणी लागली की झोडणी होईपर्यंत वैर बंद. वैऱ्याला दिवसाउजेडी, त्याच्या दारात, नावानं हाक मारून आधी कळवायचं. वैऱ्याच्या घरात तान्हं मूल असेल तर त्याला दात येईपर्यंत थांबायचं.

हा दातांचा नियम आला त्याच आठवड्यात महादूची सून बाळंत झाली होती. संपतनं महिने मोजले आणि एक दिवस दारातूनच ओरडला, "तात्या, आलं दात त्या प्वाराला!"

"किती?"

"दोन. खालचं."

"ते दुधाचं. कातळी पक्क्या दातांचं बोलत्यात."

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

"तू आधी इचारलंस का?"

पंक्चरवाला इतका हसला की हातातली ट्यूब पाण्यात पडली. संपतलाही हसू फुटलं आणि मग हसल्याचाच राग येऊन तो निघून गेला. मी सतराव्या नियमात दुरुस्ती करायला वही उघडली. तेव्हा दिसलं, की नियमांपुढच्या सगळ्या तारखा संपत चिडून आल्याच्या तारखा आहेत. तात्यांनी एक अख्खा मुलूख एका माणसासाठी वसवला होता.

"म्या सहा वर्सं थांबायचा न्हाई," संपत दुसऱ्या दिवशी म्हणाला.

"नको थांबू. दुसरी वाट हाय." तात्यांनी दात लावून दोरा तोडला. "वैऱ्याच्या मापाचा सदरा आपल्या हातानं शिवायचा, त्याला द्यायचा, मग वार. दुसऱ्याच्या शिलाईवर कातळी हात टाकत न्हाईत."

"मला शिवता येत न्हाई."

"मग बस हितं."

तो खरंच बसला. रोज दुपारी, फेरी संपवून. शिकायला त्याला दीड वर्ष लागलं, कारण तात्या त्याची प्रत्येक कॉलर उसवत. "ही कॉलर हाय का बैलाचं जू? वैऱ्याला असलं द्यायचं?" शिव्या खाऊनही संपत उठत नसे. त्याला वाटे, आपण महादूच्या जवळ चाललोय.

माप घ्यायचा दिवस आला. तात्यांनीच महादूला निरोप धाडला होता, आणि कशासाठी तेही कळवलं होतं. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. खंगलेला, एक खांदा उतरलेला माणूस. "हात कुठं ठेवू?" एवढंच त्यानं विचारलं.

"खाली सोड," तात्या म्हणाले आणि काजं करत राहिले.

संपतनं खांदा, छाती, बाही घेतली. मी आकडे लिहीत होते. मग त्यानं टेप महादूच्या गळ्याभोवती घातली. गळ्याचं माप घेताना टेपच्या आत दोन बोटं ठेवायची असतात, श्वासापुरती. संपतनं ठेवली नाहीत. टेप कातडीत रुतायला लागली. महादूनं हात वर केला नाही. मी पेन टाकून उठले.

"दोन बोटं," तात्या म्हणाले. गणवेशाच्या मापाला म्हणत तसंच.

बाहेर एक एसटी येऊन थांबली, माणसं उतरली, ती निघूनही गेली. मग संपतनं टेपखाली बोटं घातली.

"साडेपंधरा," तो म्हणाला. मी लिहिलं.

सदरा मात्र तात्यांच्या हयातीत झाला नाही. आधी कापड ठरेना, मग बाह्या दोनदा उसवल्या, आणि मग तात्याच आजारी पडले. मी वाडीला भेटायला गेले तेव्हा धाप लागत असतानाही त्यांनी विचारलं ते सदऱ्याचंच. "घाई करू देऊ नको त्याला," म्हणाले. चार दिवसांनी गेले.

दहावा झाल्यावर संपतनं दुकान उघडलं आणि दोन दुपारी खाली मान घालून काम केलं. तिसऱ्या दिवशी त्यानं सदरा माझ्यासमोर टाकला. टेरीकॉटचा, फिक्या निळ्या रंगाचा. कॉलर सुरेख बसली होती.

"झाला, ताई. आता देतो त्याला. मग कुठला नियम राह्यला?"

मी वही उघडली. एकतिसाव्याखाली पान कोरं होतं. मी जन्मात एक खोटी नोंद केलेली नाही. पेन उचललं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "बत्तीस. दिलेला सदरा वैऱ्यानं वापरून फाटेपर्यंत त्याच्यावर हात टाकायचा नाही."

संपतनं वाकून वहीतलं अक्षर बघितलं. "हा तात्यांचा न्हाई."

"नाही. माझा आहे."

"कातळी बी न्हाईत. कधीच नव्हतं. मला काय कळत न्हाई व्हय?"

"माहीत आहे. नियम पाळायचा."

"टेरीकॉट हाय, ताई. धा वर्सं फाटत न्हाई."

"मग दहा वर्षं."

तो उठून दारात गेला. टेम्पोच्या किल्ल्या हातात वाजवत बराच वेळ रस्त्याकडे बघत उभा राहिला. मी वही मिटली नाही. मग तो परत आला, सदरा उलटा केला आणि शिवण बोटानं चाचपत गेला.

"बगलेत एकेरीच टीप हाय," तो पुटपुटला. "हितनं उसवंल." आणि किल्ल्या बाजूला ठेवून मशीनवर बसला, दुसरी टीप मारायला.