काळ्या मण्याची कुंची

इस्पितळातून सुमन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तिच्याचसाठी पेज निववत होते... महिना झाला. माझा राग काही निवलेला नाही, आणि तो यमावर नाही.

नायगावच्या चाळीत तिची खोली आमच्या भिंतीला लागून. आधी परळच्या एका अनाथाश्रमात वाढलेली, मग गिरणीत कामाला. आश्रमाच्या फाटकातल्या पाळण्यात तिला कुणी ठेवून गेलं होतं. ‘तुझ्यासोबत काही नव्हतं, चिंधीसुद्धा नाही,’ असं तिथे तिला सांगितलेलं. आईचा विषय निघाला की सुमन तोंड फिरवायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्च्याहून परतताना आम्ही दोघी, घसे बसलेले, त्या आश्रमात शिरलो. संस्थेने आपल्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं होतं. देणगीदारांच्या तसबिरी, तो जुना पाळणा, आणि काचेच्या कपाटात हिरव्या खणाची एक कुंची. खाली चिठ्ठी : ‘मुलगी क्रमांक एकसष्ट हिच्यासोबत आलेली.’ एकसष्ट हा सुमनचा नंबर, तिच्या ताटावर कोरलेला. कुंचीच्या कडेला दृष्टीचा काळा मणी होता.

“मणी शिवलाय गं,” ती म्हणाली. “टाकायच्या पोरीला कोण मणी शिवतं?”

तिने कुंची मागितली. चिटणीस म्हणाले, “बाई, ही संस्थेची ठेव आहे.”

“मग मला खोटं का सांगितलंत?”

“मुलं मागचं धरून बसतात. तुमच्या भल्यासाठीच ते.”

भलं! सुमन इरेला पेटली. दर रविवारी त्या कपाटापाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “ही माझी. यांनी चोरली.” देणगीदारांच्या बायका कुजबुजू लागल्या. पाचव्या रविवारी कपाट रिकामं. कसर लागली म्हणून कुंची फेकली म्हणे. त्या दिवशी मला तिथली एकेक काच फोडावीशी वाटली, आजही वाटते.

पुढे चाळीत मूल जन्मलं की सुमन हिरवा खण आणून कुंची शिवायची, आणि मणी स्वतः लावायची. कुणाला लावू द्यायची नाही.

परवा तेच चिटणीस हार घेऊन आले. “संस्थेची गुणी कन्या होती. संग्रहालयासाठी एखादा फोटो, हातची एखादी वस्तू...”

माझ्या मांडीवर नात होती. तिच्या डोक्यावर सुमनने आजारपणात शिवलेली शेवटची कुंची.

“तिच्यामागे काही राहिलं नाही,” मी म्हणाले. “चिंधीसुद्धा नाही.”

ते कुंचीकडे बघत उभे राहिले. मी नातीला थोपटत बसले, चहाचंही विचारलं नाही.