पान एकतीसवरचा डबा

विमलाबाई पगारेंबद्दल शाळेत कुणी चांगलं बोलत नसे, आणि त्यांनाही ते नकोच होतं. पंचवटीतल्या त्या शाळेच्या प्रयोगशाळेत त्या सव्वीस वर्षं परिचर होत्या. परिचर म्हणजे कपाटांच्या किल्ल्या सांभाळायच्या, परीक्षानळ्या धुवायच्या, प्रयोगाची मांडामांड करायची आणि सर बोलायला लागले की भिंतीला लागून उभं राहायचं. सगळी शाळा त्यांना ‘मावशी’ म्हणे. हा शब्द त्यांच्या डोक्यात जाई. घरच्या मावशीला निदान बसायला खुर्ची तरी देतात, असं त्यांचं म्हणणं.

माहेर नांदगावकडचं, शिक्षण दहावी, नवरा लवकर गेलेला. तोंडात गोडवा औषधालासुद्धा नाही. काचेचं काही फुटलं तर पोरं मुख्याध्यापकांना घाबरत नसत, विमलाबाईंना घाबरत. पण एवढ्या वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेत एका पोराचं बोटही भाजलं नव्हतं. त्याची नोंद कुठे झाली नाही, कारण जे घडलंच नाही ते लिहिणार कोण.

देवरे सरांशी त्यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. प्रफुल्ल देवरे म्हणजे शाळेची शान. आवाज खणखणीत, अक्षर वळणदार, शर्ट पांढराशुभ्र. त्या शर्टावर अठरा वर्षांत एक डाग पडला नाही, यातच सगळं आलं. सर फळ्याकडे तोंड करून बाण काढत बोलायचे आणि मागे टेबलावर प्रयोग विमलाबाई करायच्या. सर वळायचे ते नेमके गंमत होण्याच्या वेळी. टाळ्या सरांना पडायच्या, आणि सर त्या खुशाल घ्यायचे.

यंदा सरांनी मुलांसाठी पुस्तक लिहिलं. घरच्या घरी करता येतील असे पन्नास प्रयोग, रंगीत चित्रांसकट. सुरुवातीला आभाराचं पान होतं. त्यात आईवडील होते, संस्थेचे अध्यक्ष होते, छापखाना होता, वेळेवर चहा दिल्याबद्दल बायकोसुद्धा होती. विमलाबाई नव्हत्या. आपल्याला त्याचं काही नाही, असं त्या म्हणत. अर्थात होतं, चांगलंच होतं.

त्यांची नात सृष्टी त्याच शाळेत सहावीत. गुरुवारी तिला पुस्तक मिळालं. संध्याकाळी विमलाबाई घरी आल्या तर पोरगी स्वयंपाकघरात. शेगडीवर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, डब्यात कपभर पाणी, ओट्यावर उघडं पुस्तक आणि हातात लायटर.

“आजी, हा लायटर पेटतच नाही,” सृष्टी वैतागून म्हणाली. “मला डबा चेपायचाय.”

विमलाबाईंनी पुस्तक ओढून घेतलं. पान एकतीस, हवेचा दाब. डब्यात थोडं पाणी घेऊन तापवा. भरपूर वाफ निघू लागली की झाकण घट्ट लावा. मग डब्यावर गार पाणी ओता, डबा आपोआप चेपेल. एवढंच. वाफ निघाल्यावर झाकण लावण्याआधी गॅस बंद करायचा असतो, ही गोष्ट कुठेच नव्हती. खाली जाळ चालू आणि वर झाकण घट्ट, म्हणजे आतल्या वाफेला वाट नाही. डबा चेपत नाही, फुटतो, आणि समोर जो वाकून बघत असतो त्याच्या तोंडावर फुटतो.

त्यांनी सृष्टीच्या हातातला लायटर काढून घेतला. एका बिघडलेल्या लायटरमुळे पोरीचं तोंड वाचलं होतं. मग त्यांना राग आला, आणि असला राग त्यांना नवरा गेला तेव्हा देवाचाही आला नव्हता.

चूक कशी झाली ते त्यांना लगेच उमगलं. सरांनी खोटं लिहिलं नव्हतं, जे पाहिलं तेच लिहिलं होतं. गॅस बंद व्हायचा तो सरांच्या पाठीमागे, विमलाबाईंच्या हातून. सरांनी तो कधी बंद होताना पाहिलाच नव्हता.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सरांना प्रयोगशाळेच्या दारातच गाठलं.

“सर, पान एकतीस चुकलंय. झाकणाआधी गॅस बंद करायचं राहिलंय.”

“मावशी, अठरा वर्षं मी हा प्रयोग करतोय. एकदा तरी डबा फुटलाय का?”

“नाय फुटला. गॅस मी बंद करते म्हणून.”

“अहो, ते गृहीतच असतं. कुणालाही कळतं.”

“माझ्या नातीला नाय कळलं.”

“मग तिला समजावून सांगा,” म्हणत सर तासाला गेले.

मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या, तेव्हा सरांनी डबा खाता खाता सगळ्यांना ऐकवलं, “आता मावशी मला विज्ञान शिकवणार.” सगळे हसले. जो प्रयोग त्या खोलीतल्या एकाही माणसाने स्वतःच्या हाताने केला नव्हता, त्यावर सगळे हसले. मुख्याध्यापक म्हणाले, लेखी द्या. विमलाबाईंनी लेखी दिलं. कारकुनाने अर्जावर आवक क्रमांक टाकला, फायलीला लावला, आणि शाळेच्या दृष्टीने विषय संपला.

शनिवारी विज्ञान प्रदर्शन होतं. नांदगाव आणि येवल्याच्या शाळांची तीनशे मुलं एसटीने येणार होती. प्रत्येकाला पुस्तक भेट, आणि संध्याकाळी ती तीनशे पुस्तकं तीनशे स्वयंपाकघरांत पोचणार. त्या घरांतले लायटर चांगले असणार. विमलाबाईंना रात्रभर तेवढंच दिसत होतं.

सभागृहात मुलं सतरंज्यांवर बसली होती, नवी कोरी पुस्तकं मांडीवर. संस्थेचे अध्यक्ष रविराज अण्णा भाषणात म्हणाले, “सर, पुस्तकातला एखादा प्रयोग होऊन जाऊ द्या.” सरांनी सगळ्यात टाळ्या घेणारा निवडला. “मुलांनो, पान एकतीस उघडा.”

टेबल मांडलेलंच होतं. तिवईवर डबा, खाली बर्नर. छोटं सिलिंडर टेबलाखाली, लोंबत्या चादरीमागे. विमलाबाईंनी नेहमीसारखा बर्नर पेटवला. सर मुलांकडे तोंड करून हवेच्या दाबावर बोलू लागले. पाणी उकळलं, डब्याच्या तोंडातून वाफेचा झोत निघाला.

विमलाबाई दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांनी हात पाठीमागे बांधले.

सर वळले. डबा तसाच, जाळ तसाच, झाकण टेबलावर.

“मावशी,” सर हळूच म्हणाले.

“आज तुम्ही करा, सर. पुस्तकात बघून.” मग त्या सगळ्या मुलांना म्हणाल्या, “पोरांनो, उठा. पार मागच्या भिंतीशी जा.” पोरं परक्या शाळांची, पण आवाज ऐकून निमूट उठली. रविराज अण्णांनीही खुर्ची मागे घेतली.

सरांनी फडक्यात झाकण धरलं. पुस्तक उघडं होतं आणि पुढची ओळ त्यांचीच होती: झाकण घट्ट लावा. सरांचा हात डब्यापर्यंत गेला आणि थांबला. सर शेवटी विज्ञानाचे पदवीधर होते. खालची निळी ज्योत ते बहुधा पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. पांढऱ्या शर्टाची पाठ भिजली. हा माणूस असाच उभा राहावा, सगळ्यांनी त्याला बघावं, असं विमलाबाईंना वाटत होतं, आणि तसं वाटल्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

सरांनी टेबलावर हात फिरवला, नळी चाचपली, चादरीकडे पाहिलं. अठरा वर्षांत गॅस कुठून बंद होतो ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“मावशी, गॅस बंद करा.”

“कोणत्या पानावर लिहिलंय, सर?”

डब्यातलं पाणी उकळतच होतं. सरांनी त्यांच्याकडे जे पाहिलं त्यात वैर होतं, आणि ते आता निवृत्तीपर्यंत सुटणार नाही हे विमलाबाईंना कळलं. त्या हलल्या नाहीत.

“पोरांना सांगा आधी,” त्या म्हणाल्या. “लिहून घेऊ द्या.”

सरांनी झाकण खाली ठेवलं. माईकवर त्यांचा खणखणीत आवाज पार बसलेला निघाला. “पान एकतीस. एक वाक्य राहिलंय. झाकण लावण्याआधी गॅस बंद करा. मगच झाकण लावा.”

तीनशे मुलांनी दप्तरातून पेनं काढली आणि भिंतीला टेकून, एकमेकांच्या पाठीवर पुस्तकं ठेवून लिहू लागली. येवल्याची एक लहानगी पोर फारच सावकाश लिहीत होती. ती मान वर करेपर्यंत विमलाबाई थांबल्या, आणि मग खाली वाकून त्यांनी गॅस बंद केला.