प्लांताचा पाचवा अर्थ

स्पॅनिशच्या वर्गात बाईंच्या पायातली चप्पल पहिल्याच महिन्यात एकदा निघायची. मारायला नव्हे, ‘प्लांता’ हा शब्द शिकवायला. खिडकीतली कुंडी उचलून त्या म्हणायच्या, "हे रोप. प्लांता." मग बोट छताकडे. "वरचा मजला, तोही प्लांता." समोरच्या साबणाच्या कारखान्याकडे मान उडवून, "तो कारखाना, तोही." आणि शेवटी चप्पल काढून तळपाय थेट पहिल्या बाकावर. "आणि हाही! विसराल आता?" बावीस वर्षांत कुणी विसरलं नव्हतं.

बाईंची खरी खोड मात्र वेगळीच. प्रत्येक शब्दाचा कागद त्या स्वतः लिहून वाटायच्या आणि त्यात एक अर्थ मुद्दाम खोटा घालायच्या. प्लांताच्या कागदावर पाचवा अर्थ होता ‘जिना’. जो शब्दकोश उघडून बघे, तो दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडायचा, "बाई, पकडला!" त्याला बाई एक पेन बक्षीस द्यायच्या. उरलेल्यांची बिनपाण्याने हजामत व्हायची.

संस्थेचा आताचा संचालक हा त्यांचाच जुना विद्यार्थी. शिकत असताना वर्षभरात त्याला एकही पेन मिळालं नव्हतं. शब्दकोश उघडायचा मनस्वी कंटाळा. पाठांतर मात्र चोख, आणि गोड बोलणं त्याहून चोख.

बाई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने घरी होत्या, तेव्हा तो फळं घेऊन भेटायला आला.

"बाई, तुमचे कागद द्या ना. वर्ग अडायला नको."

बाईंनी कपाटातला गठ्ठाच काढून दिला. "प्रत्येकात एक खोटा आहे. आठवतंय ना?"

"ते कसं विसरेन, बाई!"

बाई कामावर परतल्या तर ऑफिसच्या टेबलावर नवंकोरं पुस्तक. वर नाव संचालकाचं, मागे फोटोही त्याचाच. आभारांत छपाईवाल्यापासून बायकोपर्यंत सगळे होते, फक्त बाई नव्हत्या.

"माझं नाव कुठाय रे?"

"पुढच्या आवृत्तीत नक्की. तुम्ही काय, घरच्याच!"

बाईंनी पुस्तक चाळलं. पान चाळीसवर, प्लांतासमोर ‘जिना’ ऐटीत बसला होता. पुढच्या पानांवरही त्यांचे सगळे खोटे अर्थ जसेच्या तसे. गृहस्थाने एकदाही शब्दकोश उघडला नव्हता. बाईंच्या जिभेवर शब्द आला होता, पण ते ‘घरच्याच’ फार झोंबलं. होऊ दे फजिती, चारचौघांत होऊ दे, असं मनाशी म्हणत त्यांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी घरी जाऊन त्या मोठ्या समाधानाने दोनदा चहा प्यायल्या.

फजिती चार महिन्यांनी झाली. सकाळच्या वर्गाला एक नवी शिक्षिका तेच पुस्तक शिकवत होती. त्या वर्गात एक नर्स होती. परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी ठरली होती, भाषेची परीक्षा तेवढी बाकी होती. दोन मुलं सासूकडे ठेवून, रात्रपाळी करून ती सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी पहिल्या बाकावर बसायची. परीक्षेत प्लांता वाक्यात वापरायला सांगितलं आणि ती वाक्यात जिना चढली. एका गुणाने नापास. पुन्हा परीक्षा वर्षाने, आणि नोकरी तोवर थांबणार नव्हती.

तिने पुस्तक संचालकाच्या टेबलावर आपटलं. "अक्षरन् अक्षर पाठ केलं होतं मी!"

संचालकाचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्याला दारात बाई दिसल्या, आणि त्याच्या जिवात जीव आला. "मजकूर बाईंचा आहे. मी फक्त छापला."

नर्स वळली. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"चूक आहे हे माहीत होतं?"

बाईंपाशी सांगण्यासारखं पुष्कळ होतं. शब्दकोश, पेनं, दिलेला गठ्ठा, सगळं खरं होतं. पण चार महिने आपण तोंड मिटून बसलो, हेही खरंच होतं.

"होतं," त्या म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाही?"

नर्स आपलं पुस्तक पिशवीत टाकून निघून गेली.

आठवड्याने वर्गाकडून परत मागवलेल्या आणि उरलेल्या प्रतींसाठी चिठ्ठ्या छापून आल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंचं नाव छापलं गेलं होतं, आडनावासकट, ठळक अक्षरांत: पान चाळीसवरील चूक मूळ लेखिकेची असून संस्था दिलगीर आहे.

चिठ्ठ्या डकवायला माणूस नव्हतं. गोंदाची बाटली घेऊन बाईच बसल्या. कपाटात बक्षिसाची पेनं पडून होती. त्यातलं एक उघडून त्यांनी प्रत्येक प्रतीतला एकूणएक खोटा अर्थ खोडायला घेतला. सगळ्या प्रती झाल्या. नर्सच्या पिशवीतली तेवढी राहिली.